प्रश्नांना उत्तर कोण देणार?

प्रिय मनू,

तुझी मेल वाचली, सोबतचं एक्सेलही उघडून पाहिलं. ट्रकवाल्यांसाठी तुम्ही जे सॉफ्टवेअर बनवता त्याची नवी आवृत्ती अमेरिकेत, कोलंबसमध्येच लिहायची की पुण्यातल्या टीमला द्यायची, याचं उत्तर बोर्डाने तुझ्याकडे मागितलंय. तू मला विचारतेस, कारण सीप्झपासून हिंजवडीपर्यंत माझी सगळी नोकरी या धंद्यात गेली, आणि तीही काम घेणाऱ्यांच्या बाजूला. 'आत्या, तुला आतलं माहीत असेल,' असं तू लिहिलंयस. माहीत आहे खरं. तुला विचारूनच हे पत्र छापायला देतेय. कुणाची तरी मुलगी, कुणाचा तरी जावई तिकडून सारखा हाच प्रश्न विचारत असतो आणि प्रत्येकाला फोनवर तेच सांगायचा आता मला कंटाळा आलाय.

तुझ्या शीटमध्ये ताशी दर आहे, माणसं आहेत, डॉलरचा भाव आहे, प्रवासखर्चसुद्धा आहे. एक ओळ मात्र नाही. पुण्याहून प्रश्न येतील, त्यांना तुमच्याकडे उत्तर कोण देणार? माझ्या लेखी सगळा निर्णय त्या ओळीवर आहे. तिथे लिहायला तुझ्याकडे एक नाव असेल, त्या माणसाला वेळ असेल, तर खुशाल काम पाठव. नसेल तर दर निम्मा असला तरी पाठवू नकोस.

या धंद्याची सुरुवात कुठे झाली हे तुला बहुधा कुणी सांगितलं नसेल. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नरेंद्र आणि पूनम पटनी हे जोडपं अमेरिकेत, केंब्रिजला राहत होतं. तिकडची कागदावरची माहिती भारतात पाठवायची, इथे ती टाइप करून कागदी टेपवर घ्यायची आणि परत पाठवायची, अशी त्यांची कल्पना. हे जमतं का ते पाहायला त्यांनी राहत्या घराचेच दोन भाग केले. एक अमेरिका, दुसरा भारत. अमेरिकेतून भारतात तोंडी काही सांगायचं नाही, जे सांगायचं ते लिहून द्यायचं. त्यानंतर पुण्यात काम सुरू झालं. त्यातून पुढे पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्स उभी राहिली, आणि तिथून बाहेर पडलेल्या नारायण मूर्तींनी सहा सहकाऱ्यांसह 1981 मध्ये पुण्यातच इन्फोसिस काढली. हिंजवडीच्या काचेच्या इमारतींचं मूळ हे असं एका घरातल्या चिठ्ठ्यांमध्ये आहे.

मला यातली हुशारी कुठे दिसते सांगू? नवरा-बायको, एकच घर, एकच भाषा, तरीही लिहून दिलेल्या सूचनेतून काय काय निसटतं हे त्यांनी पैसे गुंतवण्याआधी पाहून घेतलं. आजचे लोक नेमकी हीच पायरी गाळतात. सेल्सवाल्यांचं प्रेझेंटेशन बघतात, दोन रेफरन्सना फोन करतात आणि सही करतात.

तू ही परीक्षा आधी घरीच घे. नव्या आवृत्तीतला एक छोटा तुकडा निवड. तुमच्याच ऑफिसातला, पण त्या भागाचं काही माहीत नसलेला एक चांगला डेव्हलपर घे. त्याला फक्त लिहिलेला कागद द्यायचा. त्याने शंका लिहून पाठवायच्या आणि उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळीच मिळणार. जेवणाच्या टेबलावर विचारायचं नाही, कुणाच्या खुर्चीमागे जाऊन उभं राहायचं नाही. दोन आठवड्यांत त्याचे किती प्रश्न आले, किती उत्तरं कागदात आधीपासून होती आणि किती उत्तरांसाठी तुला कुणाला तरी गाठावं लागलं, ते लिहून ठेव. तुझ्या एक्सेलपेक्षा ती यादी तुला जास्त सांगेल. मूळ आवश्यकता तुमच्याचकडे धड लिहिलेल्या नसतील तर दोष पुण्याचा नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आता तुझंच उदाहरण घेऊ. तुम्ही इफ्टाचं मॉड्यूल नव्याने लिहिणार आहात. (छापील पत्र वाचणाऱ्यांसाठी सांगते: अमेरिकेची सलग 48 राज्यं आणि कॅनडाचे दहा प्रांत यांच्यात इंधनकराचा एक करार आहे, तोच इफ्टा. ट्रकवाल्याने डिझेल कुठेही भरलं असो, कर मात्र ज्या राज्यात जितके मैल धावला त्या हिशेबाने त्या त्या राज्याला जातो. दर तिमाहीला एकच विवरणपत्र आपल्या राज्यात भरायचं.) हे काम बाहेर द्यायला उत्तम. नियम लिहिलेले आहेत, दरांचे तक्ते दर तिमाहीला प्रसिद्ध होतात, जुन्या विवरणपत्रांशी ताडून उत्तर बरोबर आहे की नाही हे एका दुपारी कळतं.

तरी त्यातसुद्धा बघ काय होतं. माल उतरवून रिकामा ट्रक परत येतो. त्या रिकाम्या मैलांचं काय करायचं? नियम स्पष्ट आहे: भरलेला असो वा रिकामा, सगळे मैल धरायचे. पण पुण्यातल्या ज्या मुलीने हे लिहायचं तिने आयुष्यात इंडियानाचा टोलरोड पाहिलेला नाही. तिच्या डोक्यात येणार, ट्रक रिकामा म्हणजे कमाई नाही, कमाई नाही तर कर कसला. तिने विचारलं तर एका ओळीचं उत्तर आहे.

हाच प्रश्न ड्रायव्हरच्या पगाराच्या मॉड्यूलमध्ये आला की मामला वेगळा. रिकाम्या मैलांचे पैसे ड्रायव्हरला द्यायचे का, पूर्ण दराने की कमी दराने, किती मैलांपर्यंत द्यायचेच नाहीत, हे तुमच्या प्रत्येक गिऱ्हाइकाकडे निराळं. एखाद्याकडे तर जुन्या ड्रायव्हरांना एक आणि नव्यांना दुसरं. हे कुठल्याही सरकारी पुस्तकात नाही. ते डिस्पॅचच्या टेबलावर बसणाऱ्यांच्या डोक्यात आहे आणि त्यांनाही विचारल्याशिवाय आठवत नाही. गोदामाच्या दारात ट्रक ताटकळला तर किती वेळाने पैसे लावायचे आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाला ते माफ कधी करायचे, हेही तसंच. पहिलं काम पाठवण्याजोगं आहे. दुसरं नाही, निदान आज तरी नाही. दोन्ही कामं तुझ्या शीटमध्ये मात्र एकाच दराने, एकाखाली एक बसलेली आहेत.

प्रश्न विचारायची किंमत किती, तेही मोजून बघ. तुझ्याकडे उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर साडेदहा. पुण्यात सकाळी अकराला शंका आली तेव्हा तुमच्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. तू साडेआठला ऑफिसात येऊन मेल उघडतेस तेव्हा इथे संध्याकाळचे सहा, हिवाळ्यात सात. तू दुपारी मीटिंगमधून मोकळी होऊन उत्तर लिहिलंस तर ते इथे दुसऱ्या दिवशी सकाळी वाचलं जाणार. म्हणजे एका शंकेला एक दिवस. उत्तरातून उपशंका निघाली की आणखी एक. शुक्रवारी विचारलेल्याचं उत्तर सोमवारी हातात. 'ते काम करतात तेव्हा आपण झोपतो, चोवीस तास काम चालू' असं सेल्सवाले सांगतात. काम स्पष्ट असेल तर ते खरंच आहे. काम अस्पष्ट असेल तर चोवीस तास वाट पाहणं चालू असतं.

आणि मुळात शंका विचारलीच जात नाही, ही त्याहून मोठी अडचण. तू पलीकडून कॉलवर असतेस तेव्हा अलीकडे काय चाललेलं असतं ते सांगते. हिंजवडीतली एक कॉन्फरन्स रूम. टेबलाच्या मधोमध फोन, त्यावर म्यूटचा लाल दिवा. मशीनच्या चहाचे कागदी कप. सातजण बसलेले, बोलणारे दोघंच, टीम लीड आणि डिलिव्हरी मॅनेजर. तू रिकाम्या ट्रकबद्दल काहीतरी बोलून पुढे जातेस. टेबलाच्या टोकाला बसलेली मुलगी, कॉलेज सोडून वर्षही झालं नसेल, लीडकडे वाकून हळूच विचारते, 'सर, ते मैल धरायचे का?' लीड हात वर करून तिला थांबवतो. 'आत्ता नको, क्लायंटसमोर नको. ऑफलाइन बघू.' मग म्यूट काढून तो तुला म्हणतो, 'क्लिअर आहे, आम्ही पुढे जातो.' साडेआठची बस असते. वाकडच्या पुलापर्यंत पोचायलाच पाऊण तास लागणार, हे प्रत्येकाच्या मनात असतं. ऑफलाइन म्हणजे दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये दोघं ठरवतात की रिकामे मैल धरायचे नाहीत. टेस्टिंग करणाराही त्याच टेबलावरचा, त्यालाही तेच सांगितलेलं. सगळ्या टेस्ट पास. चूक कळते ती तुमच्या गिऱ्हाइकाकडे ऑडिटर आल्यावर. आता काही लोक घरून टीम्सवर असतात, पण प्रकार हाच.

त्या लीडला बेजबाबदार म्हणू नकोस. त्याचा हिशेब सरळ आहे. कॉलवर फार शंका निघाल्या की त्याच्या कंपनीतला अकाउंट मॅनेजर विचारणार, 'टीमला डोमेन येत नाही असं क्लायंटला वाटलं तर?' त्याचं वर्षाचं रेटिंग त्याच माणसाच्या हातात. शंका दाबणं त्याच्या पगाराच्या सोयीचं आहे. हे तू कॉलवर गोड बोलून बदलणार नाही, व्यवहारात बदलावं लागेल. कोड लिहिणारा माणूस स्वतः बोलेल, मधला नाही, अशी अट घाल. शंकांची एक उघडी यादी ठेव, त्यात प्रत्येकाने आपल्या नावाने लिहायचं आणि तुमच्याकडून चोवीस तासांत उत्तर जायचं. ज्या आठवड्यात पुण्याहून एकही प्रश्न आला नाही त्या आठवड्यात तुला काळजी वाटली पाहिजे. आणि ज्या मुलीने अडचणीचा प्रश्न विचारला तिचं नाव घेऊन तिच्या मॅनेजरला मेल टाक. त्याचा इथे किती उपयोग होतो हे तिकडे बसून कळणार नाही.

माणसांबद्दलही ऐकून ठेव. प्रेझेंटेशनला जो दहा वर्षं अनुभवाचा आर्किटेक्ट दाखवतात तो तुझ्या प्रोजेक्टवर असेलच असं नाही. तो पुढच्या आठवड्यात दुसऱ्या क्लायंटला दाखवायचा असतो. टीमचा पिरॅमिड असतो. वर एक-दोन जाणते, खाली बेंचवरून (प्रोजेक्ट नसल्याने बसून असलेल्यांतून) आलेली नवी मुलं, आणि कंपनीचा नफा त्या खालच्या थरात. यात लपवण्यासारखं काही नाही, धंदा असाच चालतो. पण करारात तीन-चार माणसं नावानिशी लिहून घे, त्यांची मुलाखत तू स्वतः घे आणि त्यांना हलवायचं तर तुला आधी कळवलं पाहिजे, असं कलम घाल. तरीही माणसं सोडून जातीलच. 2021-22 च्या धामधुमीत तर इन्फोसिससारख्या कंपनीचा नोकरी सोडणाऱ्यांचा आकडा मार्च 2022 च्या तिमाहीत 27.7 टक्क्यांवर गेला होता. आता तो जोर ओसरलाय, पण पगारवाढीची पत्रं हातात पडली की राजीनामे सुरू होतात, हे काही बदललेलं नाही. बहुतेक ठिकाणी नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड असतो, तेवढी तुला उसंत मिळते. त्या नव्वद दिवसांत नव्याला शिकवून घेतलं आणि नव्याने ते उलट सांगून दाखवलं, हे तुझ्या डोळ्यासमोर झालं पाहिजे. नुसतं 'केटी (नॉलेज ट्रान्सफर) झाली' असं मेलमध्ये लिहून आलं तर समजायचं, झाली नाही.

आता पैसे. तुझ्या शीटप्रमाणे ताशी तीस डॉलरने आठ माणसं, महिन्याला 160 तास, म्हणजे 38,400 डॉलर. तेवढ्यात कोलंबसमध्ये तीन माणसंही जेमतेम येतात, असं तू लिहिलंयस. आठ विरुद्ध तीन पाहून बोर्ड खूश होणारच. पण तीनमधला प्रत्येकजण उठून डिस्पॅचवाल्याला विचारून येऊ शकतो आणि आठांमधल्या एकालाही ते शक्य नाही, हे त्या आकड्यांत कुठे दिसत नाही. संगणकशास्त्रज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 मध्येच लिहून ठेवलंय की रखडलेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली की ते आणखी रखडतं. प्रत्येक नवा माणूस जुन्यांचा वेळ खातो. आठ माणसं पुण्यात बसवलीस तर तुमच्याकडचा एक जाणता माणूस जवळजवळ पूर्ण वेळ त्यांच्यासाठीच जाणार. त्याचा पगार या कामाच्या खर्चात धर.

दुसरी गोष्ट तुझ्या सीपीएने (तिकडच्या सीएने) सांगायला हवी होती. सांगितली नसेल तर सीपीए बदल. अमेरिकेच्या करकायद्याच्या कलम 174 प्रमाणे 2022 पासून परदेशात केलेल्या संशोधन-विकासाचा खर्च एका वर्षात वजा करता येत नाही. तो पंधरा वर्षांत विभागून वजा करायचा, आणि नवीन सॉफ्टवेअर बनवणं यात येतं. 2025 च्या जुलैत कायदा बदलला तेव्हा देशात केलेल्या कामाचा खर्च पुन्हा त्याच वर्षी वजा करायची मुभा आली. परदेशातल्या कामाला पंधरा वर्षं कायम राहिली. पहिल्या वर्षी तर अर्ध्याच वर्षाचा हिशेब धरतात, म्हणजे तिसावा हिस्सा. तुझे पुण्याचे वर्षाचे होतात 4,60,800 डॉलर, त्यातले पहिल्या वर्षी वजा होणार 15,360. नफ्यात असलेल्या लहान कंपनीला हा फटका जबर असतो. पैसे खिशातून गेलेले, आणि कर मात्र ते गेलेच नाहीत असा. चालू सॉफ्टवेअरच्या निव्वळ दुरुस्ती-देखभालीला वेगळा नियम आहे, म्हणून कुठलं काम कशात मोडतं हे करार करण्याआधी कागदावर घे. शिवाय 2025 च्या सप्टेंबरमध्ये तुमच्याच ओहायोच्या सिनेटरने, बर्नी मोरेनो यांनी, बाहेर दिलेल्या कामाच्या पैशांवर 25 टक्के कर लावायचं विधेयक मांडलंय. मांडलं म्हणजे झालं असं नाही. पण बोर्डात कुणीतरी ते काढणार, तेव्हा तुला ते आधी ठाऊक असलेलं बरं.

फिक्स्ड प्राइस घ्यावं की तासांवर, असंही तू विचारलंयस. इफ्टासारखं मोजता येण्याजोगं काम असेल तर फिक्स्ड. बाकी सगळं तासांवर, पण दर महिन्याला थांबवता येईल असं. अस्पष्ट काम फिक्स्ड प्राइसने दिलंस तर कंपनी नफा चेंज रिक्वेस्टमधून काढणार. मी त्या बाजूला होते, कसा काढतात ते मला विचारू नकोस.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. तुझ्या मेलमध्ये अगदी खाली, जाता जाता, एक वाक्य आहे. या खर्चासाठी जागा करायला तुमच्याकडचे ते पांढऱ्या दाढीचे गृहस्थ, जे पूर्वी स्वतः डिस्पॅचर होते आणि ज्यांनी पगाराचं मॉड्यूल पहिल्यांदा लिहिलं, त्यांना मार्चपर्यंत निरोप द्यायचा विचार आहे, कारण त्यांचा पगार सगळ्यांत जास्त. मनू, उत्तर देणारा माणूस तोच आहे. पुण्याच्या आठजणांचा दर त्याच्या पगारातून काढायचा, म्हणजे ज्याच्या जोरावर ती आठजणं काम करणार त्यालाच आधी घालवायचं.

डॅनिश संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी 1985 मध्ये एक निबंध लिहिला होता. त्यांचं म्हणणं असं की प्रोग्रॅम म्हणजे नुसता कोड आणि कागदपत्रं नव्हेत. ज्यांनी तो लिहिला त्यांच्या डोक्यातली समज हाच खरा प्रोग्रॅम, आणि ती माणसं पांगली की कोड शाबूत असूनही प्रोग्रॅम मेलेला असतो. आमच्या धंद्यात दर वर्षी कुठे ना कुठे हे घडताना दिसतं. वीस वर्षांचं सगळं तीन आठवड्यांच्या केटीत ओतून घ्यायचं म्हणतात. तेही अशा माणसाकडून, ज्याला माहीत असतं की शिकवून झालं की आपण घरी. फ्लोरिडात डिस्नेच्या अडीचशेच्या आसपास आयटी कर्मचाऱ्यांना 2014 च्या ऑक्टोबरमध्ये असंच कळवलं गेलं, आणि त्यातल्या अनेकांना आपल्या जागी आलेल्यांना शिकवून मगच जावं लागलं. शिकायला बसलेली बरीचशी मुलं आपलीच होती. त्या खोलीतल्या दोन्ही बाजूंची स्थिती मला कल्पनेतही बघवत नाही. त्यात माणुसकी तर नाहीच, आणि ज्ञानही पोचत नाही. अपमान झालेला माणूस विचारलेल्याचं उत्तर देतो. विचारायचं राहून गेलेलं आपणहून सांगत नाही.

म्हणून त्या गृहस्थांना आणखी दोन वर्षं ठेवून घ्या. कोड लिहिण्यातून मोकळं करा आणि उत्तर देणं हेच त्यांचं काम ठरवा. बोर्डाला हे पटवणं कठीण जाईल, कारण कोड न लिहिणाऱ्याला एवढा पगार कशाला, असं कुणीतरी म्हणणारच. म्हणू दे. हल्ली कोड लिहून देणारी एआयची साधनं आल्यावर तर कोड लिहिणं स्वस्तच होत चाललंय, आणि इथल्या मोठ्या कंपन्याही त्याच्या धास्तीने माणसांची गणितं नव्याने मांडताहेत. महाग उरलंय ते काय लिहायचं हे नेमकं सांगणं आणि आलेलं बरोबर आहे का हे ओळखणं.

तुझ्याबद्दलही एक सांगायचंय, रागावू नकोस. काम पुण्याला गेलं की तुमच्याकडे सगळे गृहीत धरणार की मनू आहेच, ती त्यांच्याशी बोलेल. रात्री दहाचा कॉल तू घेशील, दिवाळीत त्यांना सुट्टी का लागते हे तू समजावशील, त्यांचं काही चुकलं तर 'तुमची टीम' असं तुलाच ऐकवतील. पुण्याच्या बाजूने तू 'आपल्यातली' म्हणून लीड तुला खासगीत फोन करून मुदत मागेल. दोन्हीकडून मधे सापडशील, आणि यातलं काही तुझ्या पदाच्या वर्णनात नाही, पगारात तर नाहीच. हे काम तुला करायचं असेल तर ते लिहून घे, त्याचे पैसे घे आणि रात्रीच्या कॉलचे दिवस वाटून घे. आठवड्यातून एक दिवस त्यांनी उशिरा थांबायचं, एक दिवस तुमच्यापैकी कुणीतरी पहाटे उठायचं, आणि ते कुणीतरी दर वेळी तूच नाही. करायचं नसेल तर आत्ताच नाही म्हण. आणि पुण्याला काम दिलं म्हणजे गावाचं भलं केलं, असा विचार चुकूनही मनात आणू नकोस. अर्धवट लिहिलेलं काम पाठवलंस तर त्या टेबलाच्या टोकाला बसलेल्या मुलीचंच वाटोळं होतं. सहा महिने चुकीचं बनवायचं, तीन महिने दुरुस्त करायचं आणि शेवटी 'प्रोजेक्ट फसलं' असा शिक्का घेऊन बेंचवर जायचं.

बारीकसारीक पण न चुकवण्याच्या गोष्टी: कोड पहिल्या दिवसापासून तुमच्या रेपॉझिटरीत, क्लाउडचं खातं तुमच्या नावावर, मालकी हक्काचं कलम वकिलाने वाचलेलं, आणि ड्रायव्हरांचे खरे सोशल सिक्युरिटी नंबर असलेला डेटा काहीही झालं तरी इकडे पाठवायचा नाही, नाव-नंबर बदललेलाच पाठवायचा. मोठी रिलीज अनंत चतुर्दशीला ठेवू नका आणि थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यातही नको.

माझं मत विचारशील तर असं: इफ्टा आणि रिपोर्ट्स पुण्याला दे. आठ नको, चार माणसं घे, नावानिशी, सहा महिन्यांसाठी. पगार आणि डिस्पॅचचे स्क्रीन घरीच ठेव. दाढीवाल्यांना जाऊ देऊ नकोस, आणि ते जाणारच असतील, त्यांच्या जागी दुसरं कुणी नसेल, तर यातलं काहीही पाठवू नकोस. बोर्डाला तसं स्पष्ट लिहून दे.

आणि सही करण्याआधी आठवडाभर इकडे येऊन जा. सेल्सवाल्यांबरोबर हॉटेलात जेवत बसू नकोस, ज्या टीमला काम देणार तिच्याबरोबर तिच्याच जागेवर बस आणि तुमच्या ट्रकवाल्यांबद्दल बोल. तिकीट कंपनीला काढायला लाव, सुट्टी टाकून येऊ नकोस. फक्त गणपतीच्या आठवड्यात नको, त्या दिवसांत ऑफिसात तुला कुणी भेटणार नाही.

तुझी,
आत्या